फक्त तुमच्यासाठी ठेवलंय

कोल्हापुरात माणूस गेला, हे नुसतं डॉक्टरांनी सांगून भागत नाही. तिकटीवर फ्लेक्स लागावा लागतो. वाढदिवसाचा फ्लेक्स एक दिवस उशिरा लागला तरी चालतं, कारण माणूस तिथंच असतो, आणखी एक दिवस मोबाईल कानाला लावून हसत उभा राहतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला ती सोय नाही. म्हणून कार्डवाले मामा गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी आम्ही पोक्त वयाची काही माणसं एका फ्लेक्सवाल्या पोराच्या संगणकाभोवती दाटीवाटीनं उभी होतो.

पहिली अडचण फोटोची. मामांनी जन्मभर फोटोच विकले. कपिलदेवचे, सचिनचे, मॅराडोनाचे, हल्क होगनचे. स्वतःचा म्हणून काढलेला नव्हता. लग्नातला एक होता, पण मामी म्हणाल्या, "तो नगो. बघितला की मलाच त्यांची दया येती." शेवटी घरात सापडलं ते आधार कार्ड. ज्या माणसाच्या हातून अख्ख्या शिवाजी पेठेचं आणि मंगळवार पेठेचं बालपण गेलं, त्याचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच कार्ड, आणि त्यातला फोटो सरकारनं काढलेला.

पोरानं तो मोठा केला. मोठा केल्यावर त्यात माणूस राहिला नाही, चौकोन राहिले.

"ह्ये मामाच कशावरनं?" एकानं विचारलं.

"खाली नाव टाकतोय की."

"रागावल्यागत दिसायलेत."

"रागावले न्हाईत. उधारीवाल्यांकडं बघायलेत," असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि पुढं उभे असलेले दोघं सहज म्हणून बाजूला झाले.

मग धंदा काय लिहायचा, हा प्रश्न आला. 'क्रीडा कार्ड विक्रेते' लिहिलं तर लॉटरीवाले वाटतात. 'ज्येष्ठ संग्राहक' सुचवलं, तर एक जण उसळला, "संग्राहक कसले? माझ्याकडनं घेतलेलं कार्ड त्यांनी मलाच विकलंय. ते बी वर दोन रुपये लावून." अखेर 'क्रीडामहर्षी' ठरलं. फ्लेक्सवर त्याच्याखालची पदवी आमच्याकडं मिळत नाही.

खरी लढाई पुढंच होती. पोरानं पाठीमागं पिवळा रंग टाकला. अर्जेंटिनावाले गरम झाले. "मामा काय ब्राझीलचे होते व्हय?" त्यानं निळे-पांढरे पट्टे टाकले. ब्राझीलवाले खुर्चीवरून उठले. वर्ल्ड कपच्या दिवसांत आमच्या गल्ल्या कशा वाटल्या जातात, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला हे पटायचं नाही. दोन सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी बोलत नाहीत त्या दोघांना कोल्हापूर कुठं आहे हे ठाऊक नसतं. मामांनी दोन्ही गल्ल्यांना स्टिकर विकले, दोन्हीकडं "आपण तर तुमच्यातलेच" म्हणून सांगितलं. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना जिंकली तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला आणि ब्राझीलच्या गल्लीत जाऊन "पेढा कडू लागला" असंही सांगून आले. मरणाचा फ्लेक्स काळा-पांढरा असतो, ही गोष्ट आम्हाला दोन चहा झाल्यावर सुचली.

मामांचं दुकान म्हणजे महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात, शाळेच्या भिंतीला लागून ठेवलेली लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर फळी, फळीवर माल, वर छत्री. ट्रंकेत काय आहे ते कुणाला दिसत नसे, आणि धंद्याचं गमक तेच होतं. १९८७ साली रिलायन्स कप भारत-पाकिस्तानात झाला. त्या काळात 'बिग फन' नावाचं बबलगम मिळायचं. आत क्रिकेटपटूचं चित्र, त्यावर धावा किंवा विकेटी. त्या जमवल्या की एक छोटं पुस्तक मिळे, आणि त्याची पानं अंगठ्यानं भर्रकन सोडली की खेळाडू फटका मारताना दिसे. पोरं चित्रासाठी चघळून चघळून जबडे दुखवून घेत. मामांनी आख्खा डबा विकत घेऊन चित्रं वेगळी काढली आणि बबलगम वेगळं. चित्र महाग, बबलगम स्वस्त. बबलगम हा त्यांच्या दृष्टीनं पॅकिंगचा भाग होता.

मग केबल आली आणि तिच्यामागून डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आले. रँक, उंची, वजन, छाती, दंड. होगनचा दंड चोवीस इंच, जायंट गोंझालेस आठ फूट, योकोझुना ५०५ पौंड. आमच्या पिढीला पौंड आणि इंच गणिताच्या मास्तरांनी शिकवले नाहीत, ह्या तिघांनी शिकवले. मास्तरांनी फक्त पत्ते जप्त केले. जप्त झालेले पत्ते पुढच्या आठवड्यात मामांच्या फळीवर दिसत, कोपऱ्यावर आमचीच शाईची खूण असलेले. मधला प्रवास कसा होई, हे विचारलं की मामा म्हणत, "पत्त्याला पाय असत्यात. घेणार हायस का?"

एकदा तालमीतले एक म्हातारे वस्ताद फळीपाशी थांबले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते १९१२ साली, आणि वस्तादांच्या बोलण्यावरून वाटायचं की ते पायाभरणीला हजर होते. त्यांनी योकोझुनाचा पत्ता हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"ह्यो पैलवान?"

"व्हय. ५०५ पौंड."

"किलोत सांग."

मामांनी हिशेब केला. "दोनशे एकोणतीस."

"मातीत पडला तर उठवायचा कुणी?" वस्तादांनी पत्ता खाली ठेवला. "आणि ह्यो खाली पडलेला दुसरा कोण? ह्याची पाठ लागलीया. मग कुस्ती अजून का चाललीया?"

ह्याला मामांकडं उत्तर नव्हतं. पण वस्ताद जाताना त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "आंदळकरांचा एक जुना फोटो हाय. कुणाला दाखवत न्हाई. फक्त तुमच्यासाठी ठेवलाय." वस्ताद परत आले, पाकीट काढलं. ज्या पाकिटातून चहाचे पैसे कधी कुणी निघालेले पाहिले नव्हते, त्यातून नोट निघाली.

ह्या यशानं चढून जाऊन मामांनी एक धाडस केलं. परदेशी पैलवानांचे पत्ते खपतात, तर आपल्या फुटबॉलचे का नाही? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की निम्मं गाव घसा बसवून घरी येतं. मामांनी एका छापखान्यातून पेठांमधल्या नामांकित खेळाडूंचे पत्ते छापायचं ठरवलं. उंची, वजन, गोल, सगळं जमलं. रँकवर अडलं. एक नंबर कुणाला द्यायचा? बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक तालमीचं शिष्टमंडळ फळीपाशी येऊन गेलं. कुणी काही वाईट बोललं नाही. सगळे फक्त "बघा मामा, तुम्हाला ह्याच गावात राहायचंय" एवढंच म्हणाले. मामांनी सगळ्यांना एक नंबर दिला. पत्ते छापून आले, खपले, आणि खेळायला बसलेल्या पोरांच्या लक्षात आलं की कुणीच जिंकत नाही. डाव संध्याकाळी सुरू झाला तो आईनं कान धरून उठवेपर्यंत बरोबरीतच होता. शहरातल्या फुटबॉलच्या इतिहासात एवढी शांतता एरवी कधी नांदलेली मला माहीत नाही.

पण मामांचा जीव अडकला होता तो जगात कुणीच न छापलेल्या एका कार्डात. भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापुरात जन्मले, ११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापुरातच गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ नाबाद. तो मोडायला हव्या होत्या दहा धावा. महाराष्ट्र ४ बाद ८२६. सुटीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की झाल्या तेवढ्या धावा पुरे, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि खरंच निघाले. सामना संपला. प्रथम श्रेणीत भारतीयानं काढलेली ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे, आणि काढणाऱ्याला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कसोटी नाही म्हणून बबलगममध्ये चित्र नाही.

मामांनी वर्तमानपत्रातला फोटो कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, मागं आकडे स्वतःच्या हातानं लिहिले. ते कार्ड विकायला नव्हतं, गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायला होतं. नवं गिऱ्हाईक आलं की मामा विचारत, "४४३ म्हंजे काय?" घराचा नंबर, एसटीचा नंबर, काहीही सांगणाऱ्याला छापील भाव. बरोबर सांगणाऱ्यालाही छापील भाव, पण चहा. पुढं काठियावाडच्याच, म्हणजे सौराष्ट्राच्या संघाकडून चेतेश्वर पुजारा आणि रवींद्र जडेजा नावारूपाला आले, त्यांची कार्डं आली. मामांनी त्या दोघांच्या कार्डावर दहा रुपये जादा लावले. कुणी भांडलं तर ते शांतपणे म्हणत, "वसुली हाय. १९४८ ची. रुपयाला एक धाव." पुजारा राजकोटचा, जडेजा जामनगरचा, ठाकोरसाहेबांशी त्यांचा संबंध काय, असं एका वकिलानं पुढं मांडलं. मामा म्हणाले, "संघ तोच. थकबाकी संघाच्या नावावर असती." वकिलानं दहा रुपये दिले आणि पावती मागितली. मामांनी ती दिली.

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटाला धोका, आणि पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. इथल्या माणसाला स्वतःचा रक्तदाब सांगता येत नाही, पण पंचगंगेची पातळी इंचासकट येते. मामांचं घर नदीकडंच्या अंगाला. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आतला निम्मा माल एकजीव झाला होता. गावसकरच्या पाठीला इम्रान खान चिकटला होता, अंडरटेकरच्या छातीवर स्टेफी ग्राफ. मामींनी गच्चीत दोऱ्या बांधून, लुगड्याचे चिमटे लावून, सगळी वर्ल्ड कपची टीम पापडासारखी वाळत घातली. शेजारीण विचारायला आली, "हे काय?" मामी म्हणाल्या, "आमचा संसार."

वाळल्यावर मामांनी ती कार्डं 'पूरग्रस्त आवृत्ती' म्हणून विकली. भाव दुप्पट.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत एक बेसबॉलचं कार्ड विकलं गेलं. १९५२ चं, टॉप्स कंपनीचं, मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं. किंमत एक कोटी सव्वीस लाख डॉलर, म्हणजे आपले शंभर कोटींच्या घरात. बातमी आली त्या रविवारी आमच्या भागात एकाही घरातला पुरुष जमिनीवर नव्हता. सगळे माळ्यावर. खालून बायका विचारत होत्या, "काय शोधायलाईसा?" आणि वरून धूळ आणि शिंका येत होत्या. मीही चढलो. मला एक पितळी कंदील, अकरावीच्या वह्या आणि 'एकच षटकार'चे काही अंक मिळाले. माझी कार्डं कुठं गेली असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुझ्या दहावीच्या वर्षी चुलीत घातली. पाणी लौकर तापलं." मी मनात हिशेब केला की ती आंघोळ आम्हाला साधारण कितीला पडली.

सोमवारी मामांपुढं रांग लागली. जो तो मळकी कार्डं घेऊन आलेला आणि शंभर कोटी नसले तरी एखादा फ्लॅट व्हावा, एवढीच माफक अपेक्षा. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यो मँटल कुठल्या तालमीचा?"

"बेसबॉलवाला. अमेरिकेचा."

"मग त्याचं कार्ड एवढं महाग का?"

एकानं मोबाईलवर वाचून सांगितलं की त्या वर्षीची न खपलेली कार्डं कंपनीच्या माणसानं पुढं बोटीत भरून समुद्रात टाकली, म्हणून उरलेल्यांना भाव आला.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. "आमची पंचगंगेनं २०१९ लाच बुडिवली," ते म्हणाले. "आम्हास्नी कोण इचारतंय?"

मी मात्र निर्धास्त होतो. कारण मामांनी मला फार पूर्वी, इकडंतिकडं बघून सांगितलेलं होतं की ट्रंकेच्या तळाशी सचिनचं एक जुनं कार्ड आहे आणि ते फक्त माझ्यासाठी ठेवलंय. "आत्ता देत न्हाई. भाव चढू दे. दुसऱ्या कुणाला बोलू नका." मी बायकोलाही बोललो नव्हतो. मामांच्या इतक्या गिऱ्हाइकांत हा मान मलाच का मिळाला, याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. माणूस पारखणं हा त्यांचा धंदाच होता.

रक्षाविसर्जनाला पंचगंगा स्मशानभूमीत एवढी गर्दी झाली की एखाद्या नगरसेवकाला हेवा वाटावा. दोन नगरसेवक आलेही होते. माझ्याशेजारी एक निवृत्त तलाठी डोळे पुसत उभे होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामांचा माझ्यावर फार जीव. कुणाला सांगू नका. ट्रंकेच्या तळाला सचिनचं एक कार्ड..."

मी त्यांच्याकडं पाहिलं. पलीकडच्या मेडिकलवाल्यानंही पाहिलं. त्याच्याही पलीकडं वकील होते. त्यांचा चेहरा अपिलात हरल्यावर होतो तसा झाला. पाच मिनिटांत स्मशानात कुजबुज पसरली आणि असं निष्पन्न झालं की ते कार्ड जवळजवळ प्रत्येकासाठी ठेवलेलं होतं. फरक एवढाच की वस्तादांच्या नातवासाठी सचिनच्या जागी खाशाबा जाधवांचा फोटो होता. शोक क्षणभर बाजूला राहिला आणि आम्ही सगळे एकमेकांकडं वारसांच्या नजरेनं बघू लागलो.

नैवेद्य मांडले. मिसळ, भेळ, पांढरा रस्सा, मामांच्या आवडीची तंबाखूची पुडीही. कावळा भिंतीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. मामांच्या मुलानं हात जोडले. "आप्पा, आईला संभाळतो."

कावळा ढिम्म.

"मला कोण संभाळतंय?" मामी बायकांमधून म्हणाल्या. "दुसरं काय तर सांग."

"मामांचा जीव उधारीत अडकला असंल," एका जाणत्यानं निदान केलं. आता मात्र पंचाईत झाली. सगळ्यांसमोर गप्प राहावं तर कावळा उपाशी आणि आपण संशयित. मेडिकलवाला पुढं झाला. "मामा, तुमचे साडेतीनशे देतो." कावळ्यानं मान वाकडी केली. धीर येऊन तलाठी म्हणाले, "माझे आठशे." मग ओघच लागला. कुणी बाराशे, कुणी वर्ल्ड कपच्या वेळचे स्टिकर, कुणी नव्वद सालातला एक पत्ता. माझ्या तोंडून किती निघाले ते इथं लिहीत नाही. मामींचा भाचा एका बाजूला उभा राहून मोबाईलमध्ये काहीतरी करत होता. पोराला एवढ्या दुःखातही मोबाईल सुटत नाही, असं मला वाटलं. तो यादी करत होता.

शेवटी सगळे एकदमच बोलायला लागले. सेट पूर्ण करतो, फळी चालू ठेवतो, भाऊसाहेबांचं कार्ड फ्रेम करून लावतो, आणि त्या गलक्यात वकिलांचा आवाज, "मामा, पुजाराचे दहा रुपये परत मागत नाही!" कावळा उतरला, पांढरा रस्सा टाळून भेळेत चोच घातली आणि उडाला.

"बघितलं?" वकील म्हणाले. "दहा रुपये म्हटल्या म्हटल्या आला."

"दहा रुपयांनी कोण येतंय? माझ्या आठशेनं आला."

"फ्रेम म्हणालो तवा त्यानं पंख उघडले."

"माझ्याकडं बघून उतरला," मी म्हणालो, कारण तो खरंच माझ्याकडं बघत होता.

वाद मिसळीच्या दुकानात गेला, तिथं जादा कट मागवून रंगला आणि मिटला नाही. पुढच्याच आठवड्यात मी एकटाच, संध्याकाळी, मामींना भेटायला गेलो. सांत्वनासाठी. बोळाच्या तोंडाशी तलाठी परत येताना भेटले. आम्ही दोघंही एकमेकांना ओळख न देता गेलो.

मामींनी चहा ठेवला. ट्रंक खोलीतच होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. मी मामांच्या आठवणी काढल्या, हवापाण्याचं बोललो, पंचगंगेची पातळी झाली. मग सहज म्हणून विचारलं, "ट्रंकेचं काय ठरवलंय?"

मामींनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"दुसऱ्या कुणाला बोलू नगा. त्यांनी जाताना एक पाकीट बाजूला काढलंय. फक्त तुमच्यासाठी ठेवलंय."

माझ्या छातीत धडधडायला लागलं. पाकीट बंद होतं, आत काहीतरी पुठ्ठ्याचं लागत होतं. "किती?"

"पाचशे." मी खिशातलं पैशाचं पाकीट काढलं. मामींनी नोट उजेडात धरून बघितली, पदराला बांधली आणि हात पुढं तसाच ठेवला.

"आणि दहा. आत जडेजा हाय."